अर्धं झाकण

न्हाणीच्या भिंतीला ओल आली
आणि मीटरचं लाल चाक रात्रीचंही फिरत राहिलं.
सगळे नळ मी दोनदा आवळले,
परसातला, मोरीतला, देवघरामागचा तो मुका नळसुद्धा.
तरी ते फिरतच होतं,
कुणीतरी जमिनीखाली बसून
आमचं पाणी सावकाश पीत असल्यासारखं.

सकाळी इनास आला, स्कूटरला पाने लटकवून.
"बाय, आदीं मेन वॉल खंय आसा तें सांग."
दागिने कुठे, कागद कुठे, मोठी विळी कुठे, मला सगळं ठाऊक;
पाणी जिथून घरात शिरतं ती जागा
बाबा जाताना बरोबर घेऊन गेले होते.

त्यांच्या वहीत एक ओळ सापडली:
मीटरपासून सात पावलं, शेवग्याच्या दिशेने.
शेवगा पडला त्याला बारा वर्षं झाली.
पावलं बाबांची लहान, इनासची ढांगा टाकणारी.
पहिल्या खड्ड्यात फुटकी कौलं, तिसऱ्यांची शिंपलं,
माझ्या लहानपणीचा एक निळा चमचा.

दुसऱ्यात पहार टणकली.
ओतीव झाकण, गंजून चिऱ्याच्याच रंगाचं,
अर्धं आमच्या अंगणात,
अर्धं भिंतीखाली.

भिंत नंतरची.
वाटणी झाली त्या मे महिन्यात
उमाकांतकाकांनी पाच दिवसांत उभी केली,
वर काचांचे तुकडे.
बाबा सोप्यावर बसून सुपाऱ्या सोलत होते.
झाकण त्यांनाही दिसलं असेल, गवंड्यालाही.
दोरी सरळ होती, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

"दोन चिरे काडूंक जाय. भिंत कोणाची?"
इनासला माहीत होतं. सगळ्या बोरीला माहीत होतं.

रस्त्याने वळसा घालून गेले.
त्यांच्या फाटकाची कडी कुठल्या बाजूला सरकते
हे हात विसरला होता.
काकांचा अच्युत बाहेर आला, केस पिकलेला.
बरं आहे ना वगैरे काही न विचारता मी म्हटलं,
आमचा वॉल तुमच्या भिंतीखाली आहे.
तो उभा राहिला जरा वेळ.
मग आत जाऊन छिन्नी घेऊन आला.

चिरे निघाले. आत एक बेडूक, फार नाराज,
मुंग्यांची पांढरी अंडी, मुळांची जटा,
आणि तळाशी पितळी चाक, हिरवं पडलेलं.
पान्याने जोर लाव, मी म्हटलं.
"नाका. इतलीं वर्सां कोणें हात लावंक ना,
ताका जोर लायल्यार मोडटा."
त्याने थेंब थेंब रॉकेल सोडलं आणि बिडी पेटवली, लांब जाऊन.

वाट पाहायची होती.
अच्युतच्या बायकोने भिंतीच्या भोकातून चहा दिला.
कप जुन्या सेटातले, सोनेरी काठाचे.
बशा आमच्याकडे आहेत.

मग पाव फेरा. मागे. अर्धा फेरा. पुन्हा मागे.
चाक किरकिरलं, आणि मीटर थांबला.
त्याच क्षणी पलीकडे
त्यांच्या तांब्याच्या भाणात पडणारी धारही थांबली.

तिघांनीही ऐकलं.
म्हणजे इतकी वर्षं आलेलं प्रत्येक बिल
बाबांनी दोन्ही घरांचं भरलं,
सुपाऱ्या सोलत, शब्द न काढता.
शेवटची तीन मी भरली,
आकडा मोठा का, हे कुणाला न विचारता.
अच्युत भाणाकडे बघत राहिला.
इनासने पाठ फिरवून पुसलेलाच पाना पुसला.

संध्याकाळी पाइप जोडून झाला.
दोन्हीकडे पाणी खोकत आलं,
आधी तांबडं, मग निवळ.
अर्धी गोणी सिमेंट आहे, इनास म्हणाला,
चिरे बसवून देऊ?

"उरूं दी," अच्युत म्हणाला,
"म्हयन्यांतल्यान एकदां फिरोवंक जाय न्हय तें."

मी आत गेले.
फडताळातून बशा काढल्या
आणि नळाखाली धरल्या.